बासष्टावं पाकीट

१

ट्रंक उघडली तेव्हा आत नुसता डांबरगोळ्यांचा वास होता.

आत्यांनी तळापर्यंत हात फिरवला, चारही कोपरे चाचपले, अस्तराचा फाटका कागद उचलून त्याखालीही बोटं घातली. नजरेनं दगा दिल्यापासून त्यांचा भरवसा बोटांवरच होता. समोर माणूस उभा राहिला तर त्यांना त्याचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. मधोमध एक करडा डाग, आणि जग सगळं त्या डागाच्या कडेकडेनं.

"नाहीत गं," त्या भाचीला म्हणाल्या. "शुक्रवारी मीच ठेवली होती. या हातांनी."

भाचीनं पलंगाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, गाद्या उलटल्या. एकसष्ट पत्रं. सात वर्षांत आलेली आणि पुढे एकतीस वर्षं जपलेली. कुणी पत्र्याच्या डब्यासकट उचलून नेली होती.

एरवी भाची इतकी घाबरली नसती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अक्षर पडद्यावर मोठं करून दिलं तर आत्यांना अजून काही महिने वाचता येईल, फार तर वर्षभर. म्हणूनच तर सगळी पत्रं स्कॅन करून आणली होती. पण त्या दिवशी, रविवारी, सकाळपासून तिनं तो पेनड्राइव्ह घरच्या कम्प्युटरला लावून पाहिला, स्वतःच्या लॅपटॉपला लावला, वाचनालयात जाऊन तिथल्या मशीनला लावला, फाइल फोनवर घेऊन पाहिली. एकही उघडली नाही. तेव्हा ती म्हणाली होती, "असू दे आत्या, मूळ पत्रं आहेत ना? परत करून घेऊ."

आणि आता मूळ पत्रंही नव्हती.

"शेवटपर्यंत वाचेन म्हटलं होतं एकदा," आत्या म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. ट्रंकेचं झाकण मात्र त्यांनी दोनदा लावलं आणि दोनदा उघडलं.

२

त्या रस्त्यावर बिघडलेलं मशीन म्हटलं की लोक भिंगताईंचं नाव घेत. पन्नाशीची बाई. पूर्वी फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत काम करायची, मग स्टुडिओ बंद पडला आणि तिनं त्याच जागेत कम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. बारीक काम करताना कपाळावर भिंगाचा पट्टा बांधायची. तो काढायचं तिच्या लक्षातच राहत नसे. तशीच बाजारात जायची. त्यावरून हे नाव पडलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

सोमवारी सकाळी आत्या आणि भाची तिच्या बाकावर बसल्या. भाचीनं घडाघडा सगळं सांगितलं. भिंगताईंनी पेनड्राइव्ह हातात घेतला, पण लावला नाही.

"पत्रं कुणाची?" त्यांनी विचारलं.

भाचीनं आत्यांकडे पाहिलं. आत्या हसल्या. "विचारा की. लपवायचं वय गेलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तेव्हा लांबचा फोन लावायचा तर आमच्याकडे नोंदवावा लागे. एकजण होता, पूल बांधायच्या कामावर मोजणीदार. दर शनिवारी आईला फोन लावून मागायचा. लाइन मिळेपर्यंत अर्धा तास, कधी तास. त्या वेळात माझ्याशी बोलायचा. नदी किती चढली, कोणता खांब उभा राहिला. पुढे त्याचं काम अशा ठिकाणी गेलं की तिथे फोन नव्हता. मग पत्रं."

"भेटलात?"

"चार वेळा."

"आणि मग?"

"मग काही नाही. आई अंथरुणाला खिळली होती, मी घर सोडू शकत नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. एकसष्टावं पत्र ऑगस्टात आलं. नेहमीसारखंच, हसतखेळत. त्यानंतर आलं नाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी त्या पत्त्यावर तीन लिहिली. परत आली. माणूस निघून गेला होता. चार वेळा भेटलेल्या माणसावर रागावायचं तरी कुठल्या हक्कानं? पण का थांबला, एवढं कळलं असतं तर…"

भिंगताईंनी पेनड्राइव्ह बोटांत फिरवला.

"घरात कोण कोण?"

"मी, माझा धाकटा भाऊ, वहिनी. ही त्यांचीच मुलगी, शनिवारी रात्रीच नोकरीच्या गावाहून सुट्टीला आलीय."

"पत्रं दुकानात कुणी नेली?"

"बाबांनी," भाची म्हणाली. "आत्याचा गुडघा दुखतो. मंगळवारी डबा दिला, शुक्रवारी परत आणला. दुकानदारानं तिथे उघडून दाखवल्या म्हणे फाइली. त्याच्याकडे उघडतात, बाकी कुठेच नाही. असं कसं होतं हो? बाकी ठिकाणी नुसतं 'उघडता येत नाही' म्हणून गप्प बसतं. वाचनालयातलं मशीन तेवढं काहीतरी बोललं. मी लिहून आणलंय."

तिनं चिठ्ठी पुढे केली. *हे जेपीजी चित्र नाही. याची सुरुवात ४९-४९ ने होते.*

भिंगताईंनी कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं, जणू त्या चिठ्ठीतच काही बारीक दडलं होतं.

"मशीन खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "फाइली मेलेल्या नाहीत. कुणीतरी त्यांना भलतंच नाव दिलंय. पण त्याआधी मला तुमचं घर बघायचंय. फाइली कुठे पळून जात नाहीत. डबा मात्र गेलाय."

३

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. वहिनी दारातच सुरू झाल्या.

"माझ्यावरच येणार हे, माहितीये मला! मागं एकदा जुनी मासिकं रद्दीत घातली, तेव्हापासून या घरात सुई हरवली तरी माझंच नाव. अहो ताई, वन्संच्या ट्रंकेला मी फडकंसुद्धा लावत नाही. शनिवारी तर मी घरात नव्हतेच. सकाळी दहा ते दोन वन्संना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसले होते. रांग काय संपता संपेना."

"शुक्रवारी रात्री पत्रं ट्रंकेत होती?"

"होती. जेवण झाल्यावर वन्सं डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ह्यांना म्हणाल्या, 'भाऊ, आता एकसष्टच्या एकसष्ट वाचून काढणार बघ.' ते तसेच उठून गॅलरीत गेले. त्यांना असं रडूबिडू आवरत नाही."

भाऊ खिडकीशी बसले होते. त्रेसष्ट वर्षांचा सडपातळ माणूस. एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागात जन्म काढलेला. बोलताना पाहुण्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघत होते. समोर सकाळचं टपाल होतं, एक विजेचं बिल आणि एक बँकेचं पत्र. त्यांनी कात्री घेतली, पाकिटाची आखूड कडा सरळ रेषेत कापली, आत फुंकर मारली आणि कागद दोन बोटांनी ओढून काढला.

"डबा मीच नेला, मीच आणला," ते म्हणाले. "दुकानदाराला म्हटलं, घरच्या कम्प्युटरवर उघडतील असं करून दे. त्यानं हो म्हटलं. मला त्यातलं फार कळत नाही."

"आणि पत्रं? कुणी नेली असतील?"

"चोर आला असेल."

"चोर चांदीचा गडवा सोडून पत्रं नेतो होय?" वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी दुसरं पाकीट कापलं.

भिंगताई घरच्या कम्प्युटरपुढे बसल्या. अलीकडे काय काय उघडलं, किंवा उघडायचा प्रयत्न झाला, याची यादी मशीन आपली आपण ठेवतं. बहुतेकांना ते माहीतही नसतं. त्यांनी यादी काढली. रविवारी सकाळी नऊ वाजता भाचीनं ओळीनं पहिल्यापासून फाइली उघडून पाहिल्या होत्या. ते बरोबर. पण त्याच्याही खाली आणखी एक झुंबड होती.

शनिवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

कुणीतरी रविवारच्या आधीच पेनड्राइव्ह लावून पाहिला होता. आणि त्यानं पहिल्या फाइलीला हातही लावला नव्हता. फक्त शेवटच्या चार. पुन्हा पुन्हा, प्रत्येक फाइल पाच-सहा वेळा, बंद दारावर धक्के मारावेत तशी.

भिंगताईंनी पेनड्राइव्ह मुठीत घेतला. मशीन बंद केलं आणि चप्पल घातली.

४

स्कॅनवाल्याचं दुकान कोपऱ्यावर, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोंच्या पाट्यांमध्ये चेपलेलं. माणूस गोरागोमटा, तोंडाळ.

"माझ्या कामात खोट नाही ताई! लोण्यासारख्या उघडतात. लावा ना इथे. लावा!"

भिंगताईंनी लावला. खरंच उघडली. पडद्यावर एक जुनं पाकीट आलं. निळी शाई, तिरपं, ताठ अक्षर, कोपऱ्यात तिकीट.

"बघा! आता लोकांची मशिनं बिघडलेली असतील तर मी काय करू?"

"सगळी मशिनं बिघडलेली आणि तुमचं एकच धडधाकट? दादा, तुमचा स्कॅनर फाइल कोणत्या जातीची काढतो?"

"टिफ. कागदपत्रांना तीच चांगली."

"मग यांच्या नावापुढे जेपीजी कसं?"

स्कॅनवाला मान खाजवू लागला. "ते काका म्हणाले, घरी उघडतील असं द्या. घरी लोकांकडे जेपीजी चालतं. म्हणून मी सगळ्यांची नावं एका फटक्यात बदलून दिली. सोपं असतं ते."

"अहो, मिठाच्या बरणीवर साखरेचं लेबल लावलं म्हणून चहा गोड होतो का?" भिंगताई म्हणाल्या. "फाइलीच्या अगदी तोंडाशी तिची खरी जात लिहिलेली असते. ४९-४९ म्हणजे टिफ. तुमचा हा जुनाट प्रोग्राम लेबल वाचतच नाही, सरळ बरणीत बोट घालून चाखतो. म्हणून इथे उघडतं. बाकीची मशिनं लेबलावर विश्वास ठेवतात, जेपीजी समजून वाचायला जातात, आणि अडखळतात."

"म्हणजे फाइली ठीक आहेत?"

"ठणठणीत. नावं पूर्ववत केली की झालं. पण मला सांगा, एका फाइलीत एकच पाकीट? आतली पानं?"

"तीही त्याच फाइलीत आहेत ताई, एकाखाली एक. टिफमध्ये तशी घालता येतात. हा प्रोग्राम फक्त वरचंच पान दाखवतो. मी कुणाचं पत्र वाचत नाही. पाकीट नीट आलं का बघतो, बस्स."

"आणि मूळ कागद परत कसे दिलेत?"

"पानांचा एक गठ्ठा, पाकिटांचा एक गठ्ठा. दोनशेच्या वर पानं होती, परत ज्याची त्याची त्यात कोण घालत बसणार? पण माझा हिशोब चोख. मोजून घेतो, मोजून देतो. हे बघा पावतीपुस्तक."

त्यानं पान उलटून दाखवलं. भिंगताईंनी वाचलं आणि पुन्हा वाचलं.

*जुनी पत्रं, पाकिटांसह. नग बासष्ट.*

५

आपल्या दुकानाचं दार ओढून घेऊन भिंगताई मशीनपुढे बसल्या. पेनड्राइव्हला हात न लावता त्यांनी सगळ्या फाइलींची नक्कल काढली आणि नकलेवरची लेबलं बदलली. मग एकेक फाइल उघडू लागल्या. आता पाकिटाखालची पानंही दिसत होती. पूल, नदी, खांब, शनिवार. त्यांनी वाचायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळे कुठेकुठे अडकत होते. *इथे संध्याकाळी नदीचा आवाज लाइनवरच्या खरखरीसारखा येतो, आणि मला वाटतं आता तू 'थांबा, जोडून देते' म्हणशील.* भिंगताईंनी पुढची फाइल घाईनं उघडली.

एकसष्ट पाकिटं एकसारखी होती. आत्यांनी प्रत्येकाची झडप सुईनं अलगद सोडवली होती, कुठे कागदाचा टवकाही उडाला नव्हता.

मग बासष्टावं आलं.

तेच निळं, तिरपं अक्षर. तोच पत्ता, तेच नाव. पण शिक्का ऑक्टोबरचा. शेवटच्या पत्रानंतर दोन महिन्यांनी. ज्या माणसानं लिहायचं थांबवलं होतं, त्यानं थांबल्यावर लिहिलेलं.

आणि झडप चिकटलेलीच होती. पाकीट उघडलं होतं ते आखूड कडेनं. कात्रीनं. सरळ रेषेत.

भिंगताईंनी भिंग कपाळावर सारलं. त्यांच्या मनात सगळं आपोआप ओळीला लागत गेलं. आत्या एकसष्ट म्हणतात, आणि ज्या बाईनं पत्रांवर दिवस मोजले तिचा आकडा चुकत नाही. दुकानात बासष्ट पोचली. म्हणजे एक पत्र घर आणि दुकान यांच्या मध्ये डब्यात शिरलं, आणि त्या रस्त्यावर डबा एकाच माणसाच्या हातात होता. शनिवारी अकरा वाजता वहिनी आणि आत्या डॉक्टरकडे, भाची अजून गावाला. घरात एकच माणूस. तोच शेवटच्या फाइलींवर धक्के मारत होता. डबा त्यानंच नेला, कारण दोनशे पानांच्या गठ्ठ्यातून त्या एका पत्राची पानं काढायला त्याला वेळ हवा होता.

एवढं स्पष्ट होतं. पण एक गोष्ट कुठेच बसत नव्हती. ज्याला पत्र लपवायचं आहे, तो ते आपणहून स्कॅन कशाला करून घेईल? आणि कागद पळवणारा पेनड्राइव्ह टेबलावर तसाच कशाला ठेवील? खिशात मावणारी वस्तू. गटारात टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं.

त्यांनी बासष्टाव्या पत्राचं पहिलं पान उघडलं. दोन ओळी वाचल्या आणि पडदाच बंद केला. ते पत्र त्यांचं नव्हतं.

६

"मी एकटाच येतो म्हणालो होतो, तरी ही बरोबर निघाली होती," भाऊ बाकावर बसत म्हणाले. भिंगताईंनी त्यांना दुकानात बोलावलं होतं. "तिला म्हटलं, कम्प्युटरचं काहीतरी विचारायचंय."

"खरंच आहे ते," भिंगताई म्हणाल्या. "फाइली उघडल्या, भाऊ. बासष्टच्या बासष्ट."

भाऊंचे हात मांडीवर होते. ते तसेच राहिले. चेहराही हलला नाही. पण घोटभर पाणी मागितलं आणि ते पिता पिता त्यांच्या हनुवटीवरून ओघळलं.

"पेनड्राइव्ह का नाही फेकलात?"

"फेकायला गेलो होतो. पुलापर्यंत गेलो." त्यांनी पेला खाली ठेवला. "तिथून परत आलो."

"मग डब्यात पत्र घातलंत ते तरी कशाला?"

"डॉक्टर म्हणाले ना, वर्षभर. मी एकतीस वर्षं म्हणत होतो, उद्या देऊ. ते म्हणाले तेव्हा कळलं, आता उद्या राहिलाच नाही. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, पत्रांत पत्र घालून देतो, तिची ती वाचेल. मी समोर नसेन." त्यांनी तोंड पुसलं. "आणि शुक्रवारी ती डबा मांडीवर घेऊन लहान मुलीसारखी हसली. एकसष्ट म्हणाली. मला गॅलरीत उभं राहवेना. वाटलं, या वयात तिला हे कशाला दाखवायचं? निदान एवढं तरी सुखानं वाचू दे. शनिवारी काढून घ्यायला बसलो, तर पानं सगळी एकात एक. एकाच हातची. कुठली कुठल्या पत्राची, कळेना. फाइल उघडून बघावं तर तीही उघडेना. जिन्यात यांची पावलं वाजली. डबा उचलून गच्चीवरच्या खोलीत ठेवला. तिथेच आहे. एक पान गेलेलं नाही."

"मुळात का दडवलंत?"

"दडवलं नव्हतं हो!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "अक्का एक्स्चेंजमध्ये पाळीवर होती. पत्र माझ्या हाती आलं. त्या आठवड्यात आई अगदी जाते की राहते असं झालं होतं. माझ्या बायकोचे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. घर अक्काच्या जिवावर. मला त्या पाकिटाची भीती वाटली. फोडलं. त्यात तारीख होती. म्हटलं, दोन दिवस थांबू, आईला उतार पडला की देऊ. तारीख निघून गेली. मग द्यायचं तर सांगायला लागणार होतं की मी दिलं नाही. एक दिवस उशीर झाला की दुसऱ्या दिवशी दुप्पट होतो, ताई. असे किती दिवस झाले, बघा."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं, काहीतरी दुरुस्तीला घेऊन आलं होतं. भिंगताई उठल्या नाहीत.

"मी आत्यांना जाऊन सांगू शकते," त्या म्हणाल्या. "तपास माझा आहे, आणि त्यांनीच सोपवलाय. पण मी सांगितलं तर ती चोरी होईल. तुम्ही सांगितलंत तर निदान एक पत्र पोचतं होईल. उशिरा का होईना."

"ती माझं तोंड बघणार नाही परत."

"त्यांना तसंही तोंड दिसत नाही, भाऊ. कान दिसतात. आवाज मात्र नीट ऐकू येतो त्यांना. आयुष्यभर तेच काम केलंय."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगताईंनी आत्यांच्या घरच्या कम्प्युटरवर फाइली चढवल्या, मोठा पडदा जोडला, अक्षर वीतभर उंच केलं. भाऊंनी गच्चीवरून डबा आणून आत्यांच्या पायाशी ठेवला. मग उभ्यानंच सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाहीत, थांबले असते तर पुढे सरकता आलं नसतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात धरून उभ्या होत्या. भाची भिंतीला टेकली होती.

आत्यांनी डब्याला हात लावला नाही.

"पत्र लावा," त्या म्हणाल्या.

भिंगताईंनी बासष्टावं लावलं. आत्या पडद्यापाशी इतक्या जवळ गेल्या की नाक टेकायचं बाकी राहिलं. मान तिरपी करून डोळ्याच्या कडेनं पहिली ओळ पाहू लागल्या. एक शब्द, मग दुसरा. मग खुर्चीत मागे टेकल्या.

"भाऊ, तू वाच."

"अक्का, मला नाही—"

"एकतीस वर्षांपूर्वी एकट्यानं वाचलंस. आता मोठ्यानं वाच."

भाऊ स्टुलावर बसले. घसा खाकरला, तरी आवाज फाटकाच निघाला.

"'या पुलाचं काम संपलं. परवा पहिली गाडी गेली आणि आम्ही सगळे मोजणीवाले खुळ्यासारखे टाळ्या वाजवत उभे होतो. पुढचं काम समुद्रापलीकडे आहे, तीन वर्षांचं. एकट्यानं जावंसं वाटत नाही. पाच तारखेला दुपारी दोनच्या गाडीनं तुझ्या गावी उतरतो. सहाची परतीची गाडी आहे. मधले चार तास स्टेशनवर थांबेन. सामान आणू नकोस, काही ठरवूनही येऊ नकोस. नुसती ये. बोलू.'"

भाऊंनी चष्मा काढून पुसला.

"पाच तारखेला," आत्या हळूच म्हणाल्या, "माझी दुपारची पाळी होती. आईमुळे तेव्हा मी रोज दुपारचीच मागून घ्यायचे. दोन ते आठ. माझ्या जागेवरून स्टेशन दिसायचं. खिडकीतून. समोरच."

आत्यांनी मान खिडकीच्या दिशेला वळवली.

"चार तास तो तिथे बसला होता, आणि मी कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून देत होते." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले. "पुढे वाच."

"'नाही आलीस तर मी रागावणार नाही. आईला टाकून येणं तुला जमलं नाही असं समजेन. तसं असेल तर पुन्हा पत्र लिहून तुला कोंडीत धरणार नाही. माझं लिहिणं थांबलं तर एवढंच समज, की तुझ्या घरापुढे मी हट्ट केला नाही. विसरलो असं समजू नकोस.'"

भाऊंच्या हातून चष्मा निसटला. त्यांनी तो उचललाच नाही.

भाची पुढे येऊन म्हणाली, "आत्या, मी शोधते त्यांना. आजकाल कुणीही सापडतं. त्या पुलाच्या कंपनीत विचारू—"

"नको," आत्या म्हणाल्या. "असला तर कुणाचा तरी आजोबा असेल. नसला तर मला ते कळायला नको. मला त्याचा पत्ता कधी हवाच नव्हता गं. तो का थांबला तेवढं हवं होतं." त्यांनी डोळे टिपले. "मी गेले असते का, विचारतेस? कुणी विचारत नाही, पण सांगते. गेले असते. पाळी सोडून, नेसत्या साडीनिशी पळत गेले असते. परत आले असते की नाही, ते मला नाही सांगता येणार."

भाऊ स्टुलावरून उतरून जमिनीवर बसले. "अक्का, मला माफ करशील?"

आत्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. हात पुढे करून भावाचा खांदा शोधला. त्या कुशीत घेतील असं वहिनींना वाटलं. पण त्यांनी त्याला खांद्याला धरून फक्त उठवलं आणि स्टुलाकडे ढकललं.

"उद्यापासून रोज दुपारी इथे बसायचं. रोज एक पत्र. पहिल्यापासून. मी डोळे मिटून ऐकणार, तू वाचणार. एकही ओळ गाळायची नाही. तो मला काय म्हणायचा, नदीबद्दल, माझ्याबद्दल, सगळं तुझ्या तोंडानं ऐकायचंय मला."

"आणि माफी?"

"ती बासष्टाव्या दिवशी विचार," आत्या म्हणाल्या.